रंगखोलीच्या भिंतीवरची नावं

हिलालनाना गेल्याचा फोन मला आला नाही, माझ्या मुलीला आला. बमरोलीच्या एकाच डाइंग मिलमध्ये बावीस वर्षं आम्ही काम केलं, मी लॅबमध्ये केमिस्ट आणि ते रंग कालवणारे कलर मास्तर... आणि त्यांच्या घरच्यांना आधी आठवली ती प्राची. सव्वा महिना झाला, अजून ते मला टोचतं. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहू नये, पण खोटं कशाला बोलू? नानांवर मी जळत होतो.

नाना अमळनेरकडचे, शिक्षण दहावी. रविवारी बाजारातल्या रद्दीत त्यांना एक जाडजूड शब्दकोश मिळाला आणि तेव्हापासून मिलमधल्या प्रत्येक पिंपावरच्या नावाचं मूळ शोधायचं खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं. प्राची बारावीला होती तेव्हाची गोष्ट. मी, एम.एस्सी. झालेला बाप, आठवडाभर तिच्याकडून ॲनिलीनची रचना घोटून घेत होतो आणि ती जांभया देत होती. नाना उधन्याला आमच्या घरी चहाला आले, तिच्या वहीत डोकावले आणि म्हणाले, "पोरी, ह्या नावमा आपली नीळ शे. आठेन आरबासकडे गई, तठेन पोर्तुगीजासकडे, आनि आते पिंपमा बशीसन परत उनी." प्राची ताडकन सरळ बसली. मग बेंझीन निघालं, त्यात लोबान सापडला. अमोनियात इजिप्तमधलं देऊळ... एक तरी चूक सापडावी म्हणून मी नंतर गुपचूप पुस्तकं चाळली. सापडली नाही. "पप्पा, तुम्ही नानांसारखं का नाही सांगत?" प्राचीनं सहज विचारलं होतं. आज ती शाळेत रसायनशास्त्र शिकवते आणि कोणी विचारलं की सांगते, गोडी नानांनी लावली. बापाचं नाव फक्त दाखल्यावर.

परवा नानींच्या सांगण्यावरून आम्ही दोघं नानांचा चष्मा आणायला रंगखोलीत गेलो. मी त्या खोलीत एरवी फिरकत नसे, नमुने लॅबमध्येच यायचे. पिंपांमागच्या भिंतीवर नानांनी खडूनं एकेका नावाचं मूळ लिहून ठेवलं होतं, ते कोणी पुसलं नव्हतं. प्राची मोठ्यानं वाचत गेली आणि एका ओळीपाशी थांबली. 'कास्टिक: कष्ट या शब्दावरून. सांगणारे: पाटील साहेब.'

पाटील साहेब म्हणजे मी. नानांच्या कोशातलं नेमकं ते पान फाटलेलं होतं, म्हणून एकदा ते मला विचारायला लॅबमध्ये आले होते. शब्द मुळात ग्रीक, अर्थ 'जाळणारा', हे मला पक्कं ठाऊक होतं. पण कधीतरी चारचौघांत त्यांचं हसं व्हावं म्हणून मी थाप मारली. त्यांनी ती विश्वासानं भिंतीवर लिहिली, वर माझं नाव घातलं.

"पप्पा, हे तुम्ही सांगितलंत नानांना?" प्राचीचे डोळे भरून आले होते. "किती छान! उद्या वर्गात सांगते, माझ्या पप्पांनी शोधलं म्हणून."

"हो," मी म्हणालो.

तिनं मोबाइल काढला आणि त्या ओळीचा फोटो घेतला.