टर्बो लावलेली बाबांची गाडी

मंडळी, ही दुपारची गोष्ट.

बाबांच्या जुन्या, कार्बोरेटरच्या गाडीला मी हौसेनं मिस्त्रीकडून टर्बो, म्हणजे इंजिनात दाबानं हवा भरून जोर वाढवणारा पंखा, बसवून घेतला. आज नांदेडहून लातूरला येताना अहमदपूरजवळ ट्रकला ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला. गाडी उसळली अन् पेट्रोलचा भपकारा आला.

"थांबव!" शेजारी बसलेले बाबा ओरडले.

गाडी कडेला घेतली, तर त्यांचं दार उघडेना. त्यांना माझ्या बाजूनं ओढून काढलं. दहा पावलं गेलो नाही तोच बॉनेटखाली जाळ झाला. त्याच ट्रकवाल्यानं थांबून माती टाकून विझवला.

मिस्त्रीला फोन लावला. "कार्बोरेटरला नवे सील टाकेपर्यंत पळवू नका म्हणलो होतो ना? टर्बोच्या दाबानं जुन्या सीलमधून पेट्रोल बाहेर येतंय."

स्पीकर चालू होता. बाबांनी ऐकलं.

"तुला माहीत होतं, तरी मला शेजारी बसवलंस?"

माझ्या जागी तुम्ही काय म्हणाला असता?