कांतामावशींचा चौदा नंबर

कांतामावशी कुणाच्याही घरी गेल्या की आधी टीव्हीचा रिमोट मागायच्या. पाणी नंतर, चहा त्याच्याही नंतर. मोबाईलचा कॅमेरा चालू करायचा, रिमोटचं टोक त्याच्यासमोर धरायचं आणि बटण दाबायचं. नुसत्या डोळ्याला काही दिसत नाही, पण मोबाईलच्या पडद्यावर त्या टोकाशी जांभळा ठिपका लुकलुकतो. तो दिसला की मावशी टाळी वाजवणार. "दिवा लागतोय! जिवंत आहे रिमोट. आता आणा चहा."

माझ्या लग्नाच्या बोलणीलाही त्यांनी हेच केलं. माझं घर बीडकडे, इथे भोसरीत वडीलधारं कुणी नाही, म्हणून मी मावशींना कुरुळीला घेऊन गेलो. सुरेखाचे वडील दामूअण्णा फेटा बांधून बसलेले, पोह्यांच्या बश्या आलेल्या, आणि ह्या बाई त्यांचा रिमोट तपासतायत! मला तर धरणी दुभंगावी असं झालं. दामूअण्णा मात्र खूश. "च्यायला, आमी तर कालच नवे सेल टाकले की. म्हंजे बिघाड टीव्हीतच हाय व्हय!" लग्न तिथेच ठरलं. तारीख तेवढी दिवाळीनंतर काढायची होती.

भोसरीत एमआयडीसीच्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी मावशींचा एवढासा गाळा होता. कंपन्यांमध्ये छताखाली फिरणारी क्रेन असते ना, ती हल्ली खाली उभं राहून हातातल्या रिमोटने चालवतात. ते रिमोट दुरुस्त करायचं मावशींचं काम. चष्मा नाकावर, हातात सोल्डरिंगची बंदूक आणि तोंड अखंड चालू. मी पहिल्या शिफ्टचा क्रेन ऑपरेटर. रिमोट हातातून पडला की मुकाट त्यांच्याकडे जायचो. "संजय, परत आपटलास? उद्या पोर झालं की त्याला पाळण्यात तरी नीट ठेव रे बाबा."

लहरींबद्दल बोलायला लागल्या की त्यांना भान राहायचं नाही. "ही सगळी एका घरातली भावंडं बघ. थोरला रेडिओ, लांब लांब ढांगा टाकतो, डोंगराच्या पल्याडनं बातम्या आणतो. मग मोबाईल, भिंतीतनं वाट काढतो, फक्त लिफ्टमध्ये गुदमरतो. मग टीव्हीच्या रिमोटचा उजेड. तो लाजाळू, भिंत आली की थांबला. मग आपला रोजचा उजेड, तो एकटाच काय तो तोंड दाखवतो. आणि शेंडेफळ एक्सरे, थेट हाडापर्यंत शिरतं कार्टं!" आणि शेवटी ठरलेलं वाक्य, "बटण दाबणाऱ्याला वाटतं, आपण एकालाच बोललो. हवेला कुठे दार असतं?" मी मान डोलवायचो. खरं सांगायचं तर कळत काही नव्हतं.

मग आली खंडेनवमी. शॉपमधल्या, म्हणजे आमच्या कारखान्यातल्या, सगळ्या मशिनी धुऊन पुसून हळदकुंकू लावलं. माझ्या क्रेनच्या हुकाला झेंडूचा हार मीच घातला. रिमोट खुंटीला अडकवून मी हात जोडून उभा. गुरुजींनी आरती सुरू केली आणि अहो, क्रेन निघाली! आपली आपण! हार घातलेला हुक डुलत डुलत शेठजींच्या दिशेने आला, त्यांच्या डोक्यापासून हातभर उंचीवर थांबला आणि परत गेला. पंधरा माणसं जागच्या जागी गार. शेठजींच्या हातातला नारळ न फोडताच फुटला. गुरुजी म्हणाले, देवी प्रसन्न झाली. आम्हीही पेढे खाल्ले.

पण देवी चार दिवसांनी परत प्रसन्न झाली. तेव्हा पुण्याहून मोठं गिऱ्हाईक आलं होतं. मी नेमका हातात रिमोट धरून उभा, बटणाला बोटही लावलेलं नाही, आणि हुक सावकाश खाली येऊन त्या साहेबांच्या वडापावच्या ताटात बसला. शेठजींनी मला केबिनमध्ये नेलं आणि चक्क माझ्या तोंडाचा वास घेतला. "पिऊन क्रेन चालवतोस?" अहो, आयुष्यात मी ताकाच्या पुढे गेलेलो नाही! त्यांनी ऐकलं नाही. चौकशी होईपर्यंत मला घरी बसवलं.

आमच्याच शॉपचा एक फिटर कुरुळीला दामूअण्णांच्या खोलीत भाड्याने राहतो. म्हणजे बातमी माझ्याआधी शेअर रिक्षाने पोचली. संध्याकाळी फोन. "जावईबापू म्हनायच्या आधीच कळलं, बरं झालं. पिनाऱ्याला पोरगी द्यायची न्हाई. मिटला इषय." सुरेखाने मागून काहीतरी म्हटलं, तेवढ्यात फोन ठेवला. मी खोलीत बसून ढसाढसा रडलो. लाज कसली वाटायचीय? नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती, सुरेखा कुठून मिळणार होती?

सकाळी मावशींच्या गाळ्यावर गेलो. सगळं ऐकून त्यांनी बंदूक खाली ठेवली. खणातून आपली कामाची वही काढली आणि पानं उलटत बसल्या. मग म्हणाल्या, "उद्या दुपारी दामूअण्णांना घेऊन ये. मी बोलावलंय म्हण. टीव्हीच्या शपथेवर."

आले बिचारे, तोंड फिरवून का होईना. मावशींनी त्यांना रस्त्यापलीकडच्या शॉपमध्ये नेलं, तिथली नवी क्रेन दाखवली, तिचा रिमोट त्यांच्या हातात दिला. इकडे आमच्या शॉपमध्ये, मावशींनी आधीच सांगून ठेवल्याप्रमाणे, क्रेनखालची जागा मोकळी करून शेठजी, मी आणि सगळी मंडळी लांब भिंतीला टेकून उभे. "दाबा अण्णा," मावशी मोबाईलवर म्हणाल्या. माझा फोन स्पीकरवर होता, म्हणून इकडे सगळ्यांना ऐकू आलं. अण्णांनी बटण दाबलं. तिथली क्रेन हलली आणि इथे माझीही हलली!

"छे!" शेठजी म्हणाले. "मधे दोन भिंती आहेत. माझा टीव्हीचा रिमोट तर बायको मधे उभी राहिली तरी चालत नाही."

"तो लाजाळू, शेठ. हा थोरल्याच्या वळणाचा," मावशी धापा टाकत दारातून आत आल्या, मागून दामूअण्णा. "रिमोटच्या आत बारके खटके असतात, त्यांनी चॅनल ठरतो. दोन्हीकडे चौदा नंबर आहे. समोरचा शॉप एरवी दुसऱ्या शिफ्टला चालतो, तेव्हा तुमची क्रेन बंद असते, म्हणून टक्कर होत नव्हती. खंडेनवमीला दोघं एकदम चालू, आणि त्या साहेबांच्या दिवशी समोरचे लवकर आलेले."

"पण दोघांना एकच नंबर दिला कोणी?" शेठजींनी विचारलं.

मावशींनी पदराने चष्मा पुसला. "मी. चौदा एप्रिलचा चौदा. जयंतीचा आकडा, माझ्या आवडत्या माणसालाच देते. संजयला तीन वर्षांपूर्वी दिला. समोरच्या क्रेनवरचा पोरगा मला आई म्हणतो, त्यालाही दिला. आधी कुणाला दिलाय ते वहीत बघितलं नाही. चूक माझी, शेठ. ह्या पोराने थेंबाला हात लावलेला नाही."

आता मला सांगा, त्यांनी हे सांगायची काय गरज होती? आदल्या संध्याकाळी गुपचूप एक खटका फिरवला असता, तर भूतही पळालं असतं आणि त्यांचं नावही राहिलं असतं. फक्त मी जन्मभर बेवडा राहिलो असतो. त्या कबुलीनंतर गल्लीतल्या दोघातिघांनी त्यांना काम देणं बंद केलं. मी चिडून भांडायला निघालो तर मलाच झापलं. "त्यांचं बरोबर आहे. डोक्यावर लोखंड फिरतं तिथे माया वहीत बघूनच करायची."

समोरच्याचा नंबर त्यांनी बदलला. माझा चौदा तसाच ठेवला. दामूअण्णा मात्र तो रिमोट सोडायला तयार नव्हते. "आमी हितं दाबतो अन् तिकडं हलतंय! आजून एकदा दाबू?" पाच वेळा दाबून झाल्यावर मला मिठी मारली आणि म्हणाले, "तारीख काढा."

मावशींना जाऊन आता वर्ष होईल. खोकल्याचं निमित्त झालं आणि आठवड्यात गेल्या. मला अजून राग येतो त्यांचा, एवढी घाई कशाची होती म्हणून.

परवा दामूअण्णा लेकीकडे आले. सुरेखा पाणी घेऊन आली तर त्यांनी हातानेच परत पाठवलं, खिशातून मोबाईल काढला आणि मला म्हणाले, "जावईबापू, आधी तुमचा रिमोट द्या." कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं. जांभळा ठिपका लुकलुकला. अण्णांनी डोळे पुसले, टाळी वाजवली आणि स्वयंपाकघराकडे बघून ओरडले, "दिवा लागतोय गं! आन आता चहा."