रिटर्नवरचं मधलं नाव

सोलापुरात लॉटरी लागलेल्या बायका त्या काळात चार-दोन असतीलही. पण बक्षिसाचं इन्कमटॅक्सचं रिटर्न भरायला स्वतः ऑफिसची पायरी चढलेली बाई आमच्या अख्ख्या पेठेत मी एकटी. कुणाला ही फुशारकी वाटली तर खुशाल वाटू दे. ज्या गोष्टीसाठी घरात सहा महिने अबोला सोसला, तिची फुशारकी मी नाही मारायची तर कुणी मारायची?

सत्तरच्या नंतरची दोन-चार वर्षं असतील. आमचं मूळ घर वैरागकडचं. थोरल्या दिरांनी सोलापुरात किराणा दुकान टाकलं, त्यांच्या मागोमाग आम्हीही आलो. दुकानामागच्या खोल्यांत सगळे एकत्र. माझे मालक गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. पगार झाला की पाकीट न फोडता थोरल्या भावाच्या हातात द्यायचे. दिरांना आम्ही सगळे दादा म्हणायचो. दादा मनानं वाईट नव्हते हो, पण घरात त्यांच्या शब्दाबाहेर मांजरसुद्धा जायचं नाही. माझ्याशी ते कधी थेट बोलले नाहीत आणि मीही डोईवरचा पदर त्यांच्यासमोर कधी ढळू दिला नाही. आमचं बोलणं चालायचं ते मालकांना मधे घालून. दादा म्हणायचे, "तिला म्हणावं, दळण आणून ठिव." मी दारामागून म्हणायची, "त्यांना सांगा, आणलंय." आणि मालक बिचारे मधे उभे, दोन्हीकडं माना डोलवत.

माझी स्वतःची म्हणून एकच गोष्ट होती, शेंगाची चटणी. गिरणी कामगारांच्या दोन खानावळींना मी चटणी पुरवायची. भाजलेल्या शेंगा, लाल तिखट, लसूण आणि मीठ, सगळं उखळात घालून तेल सुटेस्तोवर कांडायचं. खांदे असे भरून यायचे की रात्री कुशीवर वळता यायचं नाही. सासूबाई जाण्याआधी सगळ्यांदेखत सांगून गेल्या होत्या, "चटणीचा पैसा धाकलीचा. त्याला कुणी हात लावायचा न्हाई." दादांनीही ते पाळलं. पण किती झाली तरी ती चिल्लर, चिल्लरीला कोण हात लावतोय! माझ्या डोक्यात मात्र एक किडा वळवळत होता. मोहोळला एका नातलगाकडं मी मिरची कांडायचं यंत्र बघितलं होतं. पट्टा फिरायचा आणि मुसळं आपोआप वरखाली व्हायची. बाई नुसती बाजूला बसून चाळत होती. तेव्हापासून स्वयंपाक करतानासुद्धा मला तेच यंत्र दिसायचं.

त्याच चिल्लरीतून बाजारातून येताना मी लॉटरीचं तिकीट काढलं. जुगाराचा नाद नव्हता मला, पण यंत्राची किंमत चटणीतून निघायला जन्म गेला असता. तिकीटवाला म्हणाला, "ताई, मागं नाव-पत्ता लिहा, हरवलं तर सापडंल." मी पेन घेतलं. स्वतःचं नाव लिहिलं, मधली जागा सोडली, आडनाव लिहिलं. सातवी पास होते, लिहिता येत होतं की! पण आमच्या घरातल्या बायका नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नव्हत्या, मग हातानं तरी कशी लिहितील? त्यातून माझ्या मालकांचं नाव देवाचं. आरतीत तो शब्द आला की मी ओठ मिटून घ्यायची आणि पुढच्या ओळीला परत सुरू व्हायची. देवानं कधी तक्रार केली नाही.

आणि नंबर लागला! पहिलं बक्षीस नव्हे, पण आमच्यासाठी डोळे पांढरे होतील एवढं. मालकांनी पेपरातला नंबर वाचला, परत वाचला, मग खाली बसले आणि म्हणाले, "पाणी दे." बँकेमार्फत तिकीट मुंबईला गेलं. त्याच सुमारास सरकारनं लॉटरीच्या बक्षिसावर टॅक्स लावला होता, तो आधीच कापून उरलेले पैसे आले आणि सोबत कापल्याचा दाखला. दाखल्यावर नाव तेच, मी तिकिटावर लिहिलेलं. माझं नाव, मग काही नाही, मग आडनाव.

आठ दिवस घरात दिवाळी होती. नवव्या दिवशी दादा एक टाइप केलेला कागद घेऊन आले. "तिला म्हणावं, हितं सही कर. वकिलानं करून दिलंय. घराच्या रिटर्नमदी दाखवायचं हाय." मी कागद वाचला. त्यात लिहिलं होतं की तिकीट घरच्या सामाईक पैशातून काढलं, बक्षीस सगळ्या कुटुंबाचं, माझं फक्त नाव वापरलं. दादांना दुकानाला जोडून गोदाम घ्यायचं होतं. त्यात त्यांना वावगं काही दिसतच नव्हतं, मालकांचा पगारही घराचाच होता की. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सही केली असती तर यंत्र तर गेलंच असतं, वर सरकारदरबारी माझ्याच हातानं लिहून दिलं असतं की माझं असं या जगात काहीच नाही.

"त्यांना सांगा," मी म्हणाले, "सही व्हायची नाही. तिकीट चटणीच्या पैशाचं आहे. मी ऑफिसात जाऊन सांगते कुणाचं आहे ते."

दादा हसले. "जिला नवऱ्याचं नाव घेता येत न्हाई, ती सायबाम्होरं काय बोलणार? जा म्हणावं. मीबी येतो."

रात्री मी मालकांना विचारलं, "तुमचं काय म्हणणं?" ते म्हणाले, "दादांनी मला लहानाचं मोठं केलं की गं." एवढंच. मला राग आला आणि कीवही आली. त्या माणसानं जन्मात थोरल्या भावासमोर 'न्हाई' हा शब्द उच्चारला नव्हता.

ऑफिसात गेलो तेव्हा मी लग्नातली इरकल नेसले होते. नेसायची नाही तर काय, चोरी केली होती का? साहेब मध्यम वयाचे, कानडी हेल असलेले. त्यांनी दाखला बघितला, चष्मा वर केला आणि विचारलं, "हे नाव अर्धंच आहे. मधलं नाव कुठंय? पूर्ण नाव सांगा."

झालं! घरून मी सगळं घोकून आले होते. चटणी कुणाला देते, पैसे कुठं ठेवते, तिकीट कुठून काढलं. हा एक प्रश्न येईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा कारकून खुदकन हसला आणि म्हणाला, "उखाणा घ्या की ताई!"

"मी काय हितं हळदीला आलेय का?" मी फटकारलं. त्याचं तोंड बंद केलं, पण माझ्या तोंडातून नाव काही येईना.

दादा पुढं सरसावले. "सायेब, आमच्यात बायका नाव घेत न्हाईत. मी सांगतो, तुमी लिवा. आन् पैसा घराचा हाय, तेबी लिवा. हा बगा वकिलाचा कागद."

साहेबांनी कागदाकडं बघितलंसुद्धा नाही. "उत्पन्न ज्याचं आहे, त्यानं बोलायचं," ते म्हणाले. "बाई, तुम्ही सांगताय की यांना सांगू दे?"

मी मालकांकडं बघितलं. ते जमिनीकडं बघत होते, टोपी हातात पिळत. मला वाटलं, आज गप्प बसले तर जन्मभर दारामागंच उभी राहीन. मी पदर खांद्यावर घट्ट ओढून घेतला आणि खुर्चीतून उठले. स्वतःचं नाव सांगितलं, मग त्यांचं, मग आडनाव. अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं, खणखणीत. टाइपरायटर थांबला. मालकांनी मान झटकन वर केली आणि त्यांचे कान असे लाल झाले, की नव्या नवरीचेही होत नसतील. मी थांबले नाही. तोंड उघडलंच होतं. "साहेब, शेंगा मी भाजल्या, चटणी मी कांडली, तिकीट मी काढलं. बक्षीस माझं, टॅक्स माझा कापलाय, आणि रिटर्नही मीच भरणार."

साहेबांनी मालकांना विचारलं, "काय हो, बरोबर आहे?"

मालकांनी दादांकडं बघितलं. मग माझ्याकडं. आणि हातातली टोपी डोक्यावर चढवली.

"व्हय सायेब," ते म्हणाले. "तिचंच हाय. घराचं न्हाई."

दादा उठले, वकिलाचा कागद घडी करून खिशात घातला आणि निघून गेले. मला त्या क्षणी जिंकल्यासारखं वाटलं, खोटं का बोलू? साहेबांनी कारकुनाला फॉर्म भरायला बसवलं. मधलं नाव त्यानं माझ्यादेखत लिहिलं. साहेब म्हणाले, हिशोबानं पाहिलं तर टॅक्स जास्तीचा कापला गेलाय, थोडा परत मिळेल. मी म्हटलं, "मिळू दे. पण जो द्यायचा तो माझ्या नावानं जाऊ दे."

बाहेर आल्यावर लिंबाच्या झाडाखाली चहाची गाडी होती. मालकांनी चहा सांगितला. बराच वेळ बशीत फुंकर मारत बसले. मग खालच्या मानेनं म्हणाले, "एकदा परत म्हण की."

"काय?"

"ते... आत म्हणालीस ते."

"सरकारी काम संपलं आता," मी म्हणाले. पण मला हसू आवरेना.

यंत्र आलं. उद्घाटनाला दादा आले नाहीत. सहा महिने आमच्याशी बोलले नाहीत, आणि ते मला लागलं, कारण मालकांना लागत होतं. मग एक दिवस पुढच्या दुकानातला पोऱ्या दादांचा निरोप घेऊन आला, गिऱ्हाइकं चटणी मागतात, दोन डबे पाठवा. मी चार पाठवले. संध्याकाळी दादा स्वतः आमच्या खोलीच्या दारात आले आणि पहिल्यांदाच माझ्याकडं बघून म्हणाले, "तिखट बेतानं घाल. गिऱ्हाईक सोसंना." मी म्हटलं, "बरं दादा." एवढ्यावर आमचा समेट झाला.

चटणीचा धंदा वाढला आणि रिटर्न दरसाल भरावं लागलं. अभिमानानं भरत आले. आणि दरसाल त्या दिवशी मालक गिरणीत रजा टाकायचे, इस्त्रीचा सदरा घालायचे आणि माझ्याबरोबर यायचे. त्यांचं तिथं काही काम नसायचं. कारकुनाच्या टेबलासमोर नीट कान देऊन बसायचे. एखाद्या साली जुना फॉर्म बघून कारकून सगळं आपणच लिहू लागला, की म्हणायचे, "न्हाई सायेब, तिला इचारा की. चूक व्हायला नको." मग मी सांगायची. वर्षातून एकदा, मोठ्यानं. ते भिंतीकडं बघून गालात हसायचे, आणि परत येताना चहा तेच पाजायचे.

ते गेले त्या साली मी एकटीच गेले. टेबलावर नवा पोरगा होता, चुणचुणीत. म्हणाला, "आजी, मागच्या वर्षीचं सगळं आहे माझ्याकडं. काही सांगायची गरज नाही, नुसती सही करा."

मी शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर पिशवी ठेवली.

"नाव विचार," मी म्हणाले.

"आहे की आजी इथं."

"असू दे. तू विचार."

त्यानं विचारलं. मी उभी राहिले आणि सांगितलं, माझं, त्यांचं आणि आडनाव. पहिल्या दिवसापेक्षा मोठ्यानं.