बाबांचा पट्टा

आज इस्त्रीखाली लेकीची पँट जळाली आणि त्या वासाने मी मांजलपूरच्या आमच्या जुन्या घरी पोचले.

आईला वाघोडियाच्या कारखान्यात नोकरी लागली होती. गणवेश शर्ट-पँटचा. बाबांनी कमरेचा पट्टा काढून तिला झोडपलं आणि ती पँट अंगणात पेटवली. "आता जा, बघतो कशी जातेस!"

सकाळी आई बाबांचीच पँट घालून बाहेर आली. ओठ फुटलेला होता. कमरेला तोच पट्टा होता, खिळ्याने नवं भोक पाडून घट्ट आवळलेला. "सहाला येते. कुकर लावून ठेवा," असं बाबांना सांगून ती त्यांच्याच स्कूटरवरून गेली.

तेव्हा मला वाटलं, ढगळ पँटला पट्टा हवाच. पण पुढे तिने स्वतःच्या मापाच्या पँटी शिवल्या, तरी तो पट्टा बाबांना परत दिला नाही.