चाळीस बरण्यांची अब्रू

समस्त आप्तेष्ट, हितचिंतक आणि विशेषतः सासुरवाडीकडील मंडळींना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की, गेल्या हिवाळ्यात, शहादा तालुक्यातल्या आमच्या राहत्या घरी, मी पूर्ण शुद्धीत असताना, स्वतःच्या हातांनी सात बरण्या चांगला मध ठार केला. गुन्हा कबूल आहे. पश्चात्ताप मात्र होत नाही, कारण त्यामुळेच माझ्या बायकोचा जो पराक्रम बघायला मिळाला, तो मी आजही येईल त्याला बसवून सांगतो. आज तुम्ही सापडलात.

बायकोचा बचत गट सातपुड्यातला मध बरण्यांत भरून विकतो. मध आणणारे पावरा आदिवासी दादा धडगावच्या पलीकडच्या डोंगरातले. पोळ्याचा मधाचा भाग तेवढा कापायचा, पिल्लांचा भाग झाडावरच सोडायचा, ही त्यांच्या घरची रीत. डबाही उन्हाने तापू नये म्हणून ओल्या पोत्यात गुंडाळून जीपमधून आणतात. गटातल्या बाया तो नुसता फडक्यातून गाळतात. ना चूल, ना यंत्र.

पहिला मोठा सौदा ठरला तो माझ्या साडूंशी. त्यांचं नंदुरबारला आयुर्वेदिक औषधांचं दुकान आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान म्हणजे तिचे दाजी. दाजी-मेहुणीची थट्टा तर आमच्याकडे जेवणात मीठ असावं तशी चालते. चाळीस बरण्या गेल्या. पुढे थंडी वाढली आणि एका सकाळी त्या चाळीसच्या चाळीस टेम्पोतून आमच्या अंगणात परत आल्या. मागोमाग साडूंचा फोन.

"साडूभाऊ, मेहुणबाईले सांगा, मधमा साखर घालाले इसरनी नही ती! बुडाले पांढरी रवाळ बठनी शे. गिऱ्हाइकं हसतस माले."

बायको त्या दिवशी तालुक्याला गटांच्या बैठकीला गेली होती. मी बरणी उचलून पाहिली. खाली खरंच पांढरट, दाणेदार थर. हा सौदा मोडला तर गटातल्या बाया पुन्हा एकत्र बसणार नाहीत, आणि पावरा दादांना 'तुमच्या मधात साखर आहे' हे बायको कोणत्या तोंडाने सांगणार?

तेव्हा माझ्यातला तारणहार जागा झाला. पंगतीचं मोठं पातेलं काढलं, सात बरण्या त्यात उपड्या केल्या आणि गॅस मोठा केला. मध फसफसला. वर आलेला फेस मी हलवायाच्या ऐटीत काढून टाकला. मग जाड कापडातून दोनदा गाळलं. काय रंग आला! दुकानातल्या महागड्या बाटलीसारखा, आरपार दिसणारा. खऱ्या मधाला कुत्रं तोंड लावत नाही असं आमच्याकडे ठामपणे सांगतात, म्हणून शेजाऱ्यांच्या कुत्र्याची साक्ष काढली. त्याने माझा उकळलेला मध चाटला, न उकळलेलाही चाटला आणि शेवटी माझा हातही चाटला. साक्षीदार फितूर निघाला म्हणून मी त्याला हाकलून दिलं.

संध्याकाळी बायको आली. स्वयंपाकघरात उभी राहून तिने नुसता वास घेतला.

"हाई काय करं तुम्ही?"

"वाचवलं तुला!"

तिने माझ्या बरणीतला थेंब जिभेवर ठेवला. "अहो, त्या दादांनी डबा उन्हाला दाखवला नाही, आणि तुम्ही त्याचा पाक केला? खुरासणीच्या फुलांचा मध आहे हा. थंडीत थिजतोच. बरणी कोमट पाण्यात ठेवली असती तर सैल झाला असता."

एवढंच. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी माझ्या मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर दोन बरण्या घेऊन ती नंदुरबारला निघाली. एक थिजलेली, एक माझी. प्रकाशा गावाजवळचा तापीवरचा पूल ओलांडला तरी बरण्यांवरचा तिचा हात सुटला नाही. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं होती. तिने दोन्ही बरण्या काउंटरवर ठेवल्या. साडूंनी माझी बरणी उजेडात धरली.

"याले म्हनतस मध! मेहुणबाई, असा देवाना व्हता ना पहिलेच!"

"दाजी, दोन्ही एकाच डब्यातले आहेत. हा तुमच्या साडूंनी काल गॅसवर उकळला."

सगळं दुकान माझ्याकडे वळलं. मी छताचा पंखा निरखू लागलो.

तिने प्रत्येकाच्या हातावर दोन्ही मधांचा एकेक थेंब ठेवला. माझा नुसता गोड. तिचा आधी गोड, मग किंचित तुरट, आणि मागून रानातल्या फुलांचा वास नाकात चढणारा. मग ती बोलली. चारचौघांत पदर सावरत बसणारी बाई, पण आवाज जराही हलला नाही.

"कच्च्या मधात फुलांचे पराग राहतात, माशीने मिसळलेले रस राहतात. जास्त तापवलं की ते रस निकामी होतात, वास उडतो. बारीक गाळला की परागही जातात. मग तो दिसतो सुंदर आणि लवकर थिजत नाही. तो काही विष नाही, खोकल्यात त्यानेही घसा निवतो. पण मधातलं जे जास्तीचं असतं, ते कच्च्यातच टिकतं. थिजला म्हणजे साखर घातली, असं नाही."

एक निवृत्त गुरुजी पुढे झाले. "बाई, मला शुगर आहे. कच्चा मध म्हणजे चालेल ना?"

साडू मागून हाताने खुणावत होते, हो म्हण, हो म्हण!

"नाही गुरुजी," बायको म्हणाली. "कच्चा असो की उकळलेला, तुमच्या रक्तात साखरच वाढवणार. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला तर बोटावरही चाटवू नका."

साडूंनी कपाळाला हात लावला. माझी छाती मात्र अशी फुगली की शर्टाचं वरचं बटण ताणलं गेलं. हातचं गिऱ्हाईक घालवणारी बाई माझी बायको होती!

गुरुजींनी थिजलेली बरणी हातात फिरवून पाहिली. मग म्हणाले, "माझं राहू द्या. सुनेसाठी एक द्या. ती थिजलेलीच." त्यांच्या मागच्या बाईंनी दोन मागितल्या. तिसऱ्याने विचारलं, उरलेल्या बरण्या कधी येणार?

साडूंनी तोवर थिजलेल्या मधाचा तिसरा चमचा तोंडात घातला होता. तो नीट गिळायच्या आतच ते ओरडले, "मेहुणबाई, दुकान मन्हं शे, पन आते गल्लावर तूच बठ!"