लहान रिंगणातली उघड्या चाकांची शर्यत

तर सगळ्यात आधी आली ती माझी नात स्नेहल, टेम्पोत दोन रेसच्या गाड्या घालून. मागनं तिच्या कॉलेजच्या टीमचा मुख्य, ओंकार. बायांनो, त्या गाड्यांची चाकं सगळी उघडी, वर पत्राच न्हाई.

कांदा काढलेल्या वावरात त्यांनी लहानसं लांबट रिंगण आखलं. स्नेहलला कॉलेजची शर्यत आपल्याच वावरात हवी. ओंकार म्हणाला, "आजी, एवढ्याशा जागेत मजा नाही. चाकाला चाक लागलं की गाडी उलटते. मग कोणी पुढे काढतच नाही."

दोघांनी एकेक गाडी घेऊन पळवून बघितल्या. खरंच एकीमागं एक, बैलं पाण्यावर निघाल्यावानी. स्नेहलचं तोंड एवढंसं झालं.

मी बघत हुते. आतली बाजू घट्ट झालेली, बाहेर नुसता फुफाटा. तिकडं जाईल कोण? म्हटलं, "आमी खळं करताना पाणी मारून चोपायचो. तसं करा."

"आजी, मळणी नाही करायची," ओंकार हसला. पण पाईप त्यानंच धरला, वरनं टेम्पो फिरवला. माझा चहा होईस्तोवर माती बसली.

मग दोघं परत पळाले, आन् स्नेहल बाहेरच्या बाजूनं पुढं आली. आख्खं वळण दोघं बरोबरीनं, मधी वीतभर जागा. मी डोळेच झाकले. उघडले तर पोरगी पुढं!

ओंकार हरला तरी हसत उतरला. "शर्यत इथंच घेऊ," म्हणाला. लई गुणाचं लेकरू.

मला वाटतं, रिंगण लहान चालतं, पण बाहेरची बाजूबी पक्की पाहिजे. तुमी कुणी बघितल्यात का असल्या गाड्या?

आख्खी टीम घेऊन येत्या रविवारी येतो म्हणालेत.