फोनात ठेवलेला आवाज

नागावच्या आमच्या घरी उतरणाऱ्या पाहुण्यांना मी जेवणासोबत भुतंही वाढायचो. माणसाला पाण्यात ओढणारा गिऱ्हा, त्याची खोल हाक, मध्येच माझी किंकाळी. पाहुण्यांच्या हातातला घास हातातच राहिला की मला कोण आनंद! मग एक दिवस डॉक्टर म्हणाले, कॅन्सर स्वरयंत्रात आहे, ते काढावं लागेल. मी म्हटलं, मग राहू दे. महिनाभर त्यांचा फोनच घेतला नाही.

अलिबागला कॅन्सर झालेल्यांची बैठक भरते. बायकोने मला तिथे जवळजवळ ओढतच नेलं. शाळेच्या वर्गात दहा-बारा माणसं बसली होती. बैठक चालवणाऱ्या निवृत्त शिक्षिका जुन्या सवयीने हजेरी घेत होत्या. थळच्या एका कोळी काकांची पाळी आली. त्यांनी गळ्यावरचा रुमाल सारला, तिथल्या छिद्रावर बोट दाबलं, आणि विहिरीच्या तळातून यावा तसा आवाज आला, "हाय."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. इतकी वर्षं गिऱ्ह्यासाठी मी जो आवाज काढू पाहत होतो, तो हाच.

चहाच्या वेळी मी त्यांना गाठलं. आंघोळ करताना गळा कसा झाकायचा, झोपताना काय जपायचं, हे डॉक्टरांनीही सांगितलं असेल. माझ्या कानात शिरलं ते काकांकडून. घरची घाबरली नाहीत का, मी विचारलं.

"घाबरली ना. बायको आठ दिस समोर बसंना. मंग मीच तिला येक शिवी दिली. तिनं दोन दिल्या. तवा सुरळीत झालं."

पहिल्यासारखं बोलता येतं?

"न्हाय. खोटं कशाला सांगू? पन भांडता येतं." काकांनी चहाचा कप खाली ठेवला. "माझा जुना आवाज कुठंच न्हाय. नातीनं ऐकलाच न्हाय. तू फोनात बोलून ठेव, भाऊ."

भांडता येतं, एवढ्यावर मी ऑपरेशनला तयार झालो. ऑपरेशन सोमवारी ठरलं. आदल्या आठवड्यात सगळी भुतं फोनात भरली.

आता मीही बोट दाबून बोलतो. गेल्या महिन्यात दुपारी वाडीतून परतलो, तर स्वयंपाकघरात कुणीतरी माझ्या बायकोला गोष्ट सांगत होतं आणि ती हसत होती. मी दाराबाहेरच थबकलो. काय रंगवून सांगत होता मेला! घर त्याचं, बायको त्याची. मीच आपला बाहेर घुटमळणारा.

मग नीट ऐकलं. तो भलत्याच जागी श्वास घेत होता, वाक्य घाईने संपवत होता. भुताला नव्हे, तो आठवड्यानंतरच्या सोमवाराला घाबरला होता.

मी आत गेलो. बायको दचकून फोन बंद करायला धावली. मी पाटावर बसलो आणि गळ्यावर बोट ठेवलं.

"राहू दे. बोलू दे त्याला."